माळवदाचं वजन

दुपारी गच्चीवर मटार सोलत बसले होते आणि हललं. फार नाही. टाकीतलं पाणी डचमळल्याचा आवाज आला, वारा नसताना चादरीची दोरी झुलली, आणि माझ्या बुडाखालची सिमेंटची गच्ची अगदी हलकेच पुढं गेली, मागं आली. बाकीच्यांना कळायच्या आधी मला कळतं. त्यात कौतुकाचं काही नाही, दुधानं तोंड पोळलंय माझं. मी ताक तर फुंकून पितेच, पाणीसुद्धा फुंकून पिते. खाली अलीगंजच्या गल्लीत एकदम गलका झाला, दारं आपटली, स्कूटरी तशाच आडव्या सोडून लोक मोकळ्यात आले. आमची भाडेकरू शिवांगी बाळाला काखेत मारून खालून ओरडत होती, "आंटी, नीचे आइए! आंटी, जल्दी!" मी उठले नाही. हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले, आणि मनात म्हणाले, पडायचं तर आज पड. उद्याच्या आधी पड. ते सभागृह पाड, तो पडदा पाड, हवं तर मीही आहे इथं, पण उद्याचा दिवस नको. असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? शिवांगीचं बाळ खाली होतं, सगळी गल्ली खाली होती, आणि मी गच्चीवर बसून पडण्याची वाट बघत होते. पडलं काहीच नाही. लोक हसायला लागले, कुणीतरी चहा मागवला. नेपाळात कुठं तरी झाला म्हणे, इथं नुसती शेपूट आली.

मग फोन वाजला. नवऱ्याचं नाव नरहर. तोंडावर मी 'अहो' म्हणते, मनात नरहर म्हणते, कधी कधी त्याहून वाईटही म्हणते. भूकंपशास्त्रातला मोठा माणूस, सगळं लखनौ त्याला डॉक्टरसाहब म्हणतं. फोनवर 'बरी आहेस ना' नाही, 'घाबरलीस का' नाही. "विनीता, जाणवला? उभी होतीस की बसलेली? भांडी वाजली? टांगलेलं काही हललं?" त्याची नोकरीच ती. जमीन किती हलली ते यंत्र सांगतं, पण त्या हलण्यानं माणसाला काय झालं, घराला काय झालं, ते विचारूनच कळतं. मग त्या उत्तरांवरून प्रत्येक गावाला एक आकडा द्यायचा. भांडी वाजली तर चार, झोपलेले जागे झाले तर पाच, गिलावा पडला तर सहा, आणि तिथून पुढं घरं. कुठंही धक्का बसला की पहिला फोन मला. त्याच्या ऑफिसात गंमत करतात, भाभीजी चार म्हणाल्या तर तीन लिहा, त्यांना जरा जास्तच लागतं. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं, जेवताना. "झोपले होते मी," मी म्हणाले. "मला काही कळलं नाही." "काहीच नाही? तुला?" "मला." तो चिडला नाही, त्याला काळजी वाटली असणार, यंत्र बिघडल्यावर वाटते तशी. "अच्छा. मग जरा शिवांगीला विचारून ठेव," म्हणाला आणि फोन ठेवला.

उद्या त्याचं भाषण. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होतोय, त्याआधी संस्थेनं हा समारंभ ठेवलाय. दिल्लीहून माणसं येणार, शाली, नारळ, फोटो. विषय त्याचा नेहमीचा : हादरा तेवढाच, मग नुकसान वेगळं का? आणि उदाहरण आमचं गाव. सकाळी तो दाढी करत होता तेव्हा मी न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाले, "एक मागते. उद्या आबांना त्यात आणू नका." आबा म्हणजे माझे वडील. इतक्या वर्षांत मी नरहरकडे काही मागितलं नाही, साडी नाही, माहेरपण नाही. माहेर कुठून आणू? त्यानं आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "नाव कुठं घेणार आहे मी? 'एक घरमालक' असं म्हणणार." "तेच नको." "विनीता, तुला वाईट वाटतं म्हणून शास्त्र बदलत नाही," तो म्हणाला आणि गालावरचा फेस पुसला. वर हसला. त्याचं हसणं चांगलं आहे, लोकांना आवडतं.

जमीन माणसाला मारत नाही, घर मारतं. हे त्याचं वाक्य मी किती जेवणावळींत ऐकलंय. पाहुणे आले, पुलाव झाला, खिरीच्या वाट्या फिरल्या की कुणीतरी विचारणार, डॉक्टरसाहब, लखनौला किती धोका? मग तो नदीकाठच्या भुसभुशीत मातीवर येणार, उंच इमारती लांबच्या भूकंपानं कशा डोलतात त्यावर येणार, आणि मग, आवाज जरा खाली आणून, किल्लारीवर. किल्लारीचा भूकंप काही जगातला मोठा नव्हता, तो सांगतो. तेवढा हादरा दुसऱ्या देशात बसला असता तर लोक उठून परत झोपले असते. पण तिथं गोट्यांच्या, मातीत रचलेल्या दीड हात जाड भिंती, आणि वर माळवद. मातीचं सपाट छप्पर, दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती. "माझ्या सासऱ्यांचंच घ्या," की सगळ्या माना माझ्याकडे वळणार. बायका हातातला चमचा खाली ठेवणार. कुणी 'ओह' म्हणणार, कुणी माझ्या दंडावर हात ठेवणार, आणि तोच हात दोन मिनिटांनी खिरीच्या दुसऱ्या वाटीकडे जाणार. मीच वाढणार ती. "त्यांनी मेहनतीनं टाकलेली माती होती हो ती," तो म्हणणार, "तिनंच घात केला." बाप माझा, वर्षानुवर्षं दर मेजवानीला मरतो, आणि दर वेळी चूक त्याचीच.

माळवदाला पांढरी माती लागते. गढीच्या पायथ्याशी मिळायची, आबा बैलगाडी भरून आणायचे. मृगाच्या आधी गेल्या साली जिथं गळलं तिथं आधी, मग सगळीकडे. मी आणि धाकटी प्रणिता टोपल्या वर पोचवायचो, मग पाणी शिंपडून अनवाणी तुडवायचो. गार असायची ती, बोटांच्या फटींतून वर यायची. आबा खालून ओरडायचे, "नाचा गं पोरींनो, चांगलं नाचा, थेंब नाही आला पाहिजे!" आणि आई म्हणायची, पोरींना माकडं करून ठेवलंय ह्या माणसानं. गावात ज्याचं माळवद तो बऱ्यापैकी. ज्यांना परवडत नव्हतं त्यांची कुडाची, वर गवत टाकलेली छपरं. आणि त्या रात्री काय झालं, तर छपरं नुसती थरथरली आणि उभी राहिली. ज्यांच्याकडे आम्ही नाक मुरडून बघायचो ते सकाळी उठून आम्हाला उकरायला आले. नरहरच्या भाषणात हे पडद्यावर येतं, तक्ता म्हणून : घराचा प्रकार, हादरा, मृत्यू. बरोबर आहे त्याचं. मला राग येतो तो ह्याचाच, की माणूस बरोबर आहे. चुकीचा असता तर मी त्याला कधीच माफ केलं असतं.

त्याला मी पहिल्यांदा बघितलं ते छावणीत, पत्र्याच्या शेडमध्ये. वीस वर्षांची होते. जीपमधून तिघं उतरले, हा त्यातला सर्वांत तरुण. तोवर जे आले ते रडायला आले होते, नाहीतर बिस्किटं वाटायला. पुढारी डोक्यावर हात ठेवायचे, फोटो निघायचा, हात उचलायचे. हा समोर बसला आणि विचारलं, "तुम्ही कुठं होता? उभ्या होता? उभं राहता येत होतं का?" मी म्हणाले, "बाहेर होते. नाही, पडले. उठले, परत पडले." त्यानं मान हलवली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. पहिल्यांदा कुणीतरी काय झालं ते विचारत होतं. मला वाटलं हा माणूस ऐकतो. बया गं, केवढी चूक! तो ऐकत नव्हता, आकडा लावत होता. आमच्या गावाला आठ लावला त्यानं. पुढं पत्रं आली, मामानं चौकशी केली, लग्न झालं. पुण्यात त्याच्या घरी बायका ओटी भरताना एकमेकींना म्हणाल्या, केवढं मोठं मन गं नरहरचं. मी तिथंच होते, तांदूळ पदरात घेत. त्या दिवसापासून मी त्याच्या मोठ्या मनाची खूण आहे, घरात मांडून ठेवलेली.

आणि मुक्ता. आमची एकुलती एक. इथंच वाढली, मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. बापाचाच विषय घेतला, कॉम्प्युटरवर इमारती हलवून बघते. आईचं माहेर ह्या गोष्टीत तिला कधी रस नव्हता. लहान असताना एकदा म्हणाली होती, मम्मा, वो सैड वाली स्टोरी मत सुनाओ. आणि ह्या हिवाळ्यात अचानक रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्याजवळ ओट्यापाशी यायला लागली. "मम्मा, नानाजी का घर कैसा था? दरवाज़ा किस तरफ़ था?" मी विरघळले. सगळं सांगितलं. दार पूर्वेला, ओसरी, खांब कुठं कुठं, जात्याची जागा, देवळीत दिवा, मागची भिंत पावसात फुगलेली. कोण कुठं झोपायचं. आबा दाराशी आडवे, घरातल्या कर्त्या गड्याची जागा तीच असते. मग मधले खण, म्हणजे खांबाखांबांमधली जागा, तिथं कुणी झोपायचं नाही, नुसत्या धान्याच्या कणग्या. आत आई, आईजवळ प्रणिता, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला लागून मी. ती फोनमध्ये रेकॉर्ड करायची. मला वाटलं जपून ठेवतेय. मी तिला भिंतींची उंची हातांनी दाखवली, माळवद किती जाड ते कोपरापर्यंत हात धरून दाखवलं. एके दिवशी तर मी तिला पुरणाची पोळी करून घातली, सण नसताना, माझी लेक माझ्या घराचं विचारते म्हणून.

संध्याकाळी दोघं बरोबरच आले. दुपारच्या धक्क्यानं नरहर खुशीत होता, सभागृह भरणार म्हणून. "लोकांना ताजं आठवतंय, भाषणाला याहून चांगली सुरुवात नाही," म्हणाला. मी मटार-भात वाढला. जेवण झाल्यावर मुक्तानं टेबल पुसलं, स्वतःहून, आणि लॅपटॉप ठेवला. "मम्मा, बैठो. आपके लिए सरप्राइज़ है. कल के लेक्चर में यही दिखाना है." पडद्यावर राखाडी रंगाचं घर होतं. छप्पर काचेसारखं आरपार. मी ओळखलं नाही आधी. मग दार पूर्वेला दिसलं, खांब दिसले, कणग्यांच्या जागी गोल, आणि जमिनीवर चार निळे ठिपके. एक दाराशी, तीन आत. "हे काय?" मी म्हणाले, पण मला कळलं होतं. "आपका घर! पूरा आपके डिस्क्रिप्शन से." तिचा चेहरा इतका खुलला होता, शाळेत चित्र काढून आणायची तेव्हा असाच असायचा. खाली हादऱ्याच्या आकड्यांची एक पट्टी होती, सरकवायची. तिनं सहावर नेली. घर थरथरलं, थांबलं. सातावर नेली. मागची भिंत पोट काढल्यासारखी बाहेर आली, गोटे निसटले, पण माळवद राहिलं. ठिपके निळे. "देखा? सात में सब बच जाते," मुक्ता म्हणाली. नरहर मागं उभा होता, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "हेच मला दाखवायचंय," तो म्हणाला. "आणि जर माती निम्मी असती तर आठमध्येसुद्धा." मुक्तानं पट्टी आठवर नेली. मी डोळे मिटले नाहीत. मागची भिंत गेली, तिच्यावरच्या तुळया गेल्या, आणि वरची माती एकदम, पोतं ओतल्यासारखी आत आली. आवाज नव्हता. आतले तीन ठिपके लाल झाले. मी तिथं नव्हते, म्हणून मुक्तानं माझा एक हिरवा केला.

दाराशी असलेला ठिपका निळाच राहिला. दाराकडचे खण खांबांवर उभे होते, तिथलं माळवद पडलंच नाही. "पापा, यही मिसमैच है, जो मैंने बताया था," मुक्ता म्हणाली. "नानाजी यहाँ सोते थे तो बच जाने चाहिए थे." नरहरनं चष्मा वर केला. "जागा चुकली असेल. तीस वर्षांची आठवण आहे ती, त्यात इतकं चालायचंच. गावातले सगळे मृत्यू मागच्या खणांत आहेत. त्याला आत घे." 'त्याला' म्हणाला. मुक्तानं दाराशी असलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ओढत नेला, मधल्या मोकळ्या खणांमधून, कणग्यांच्या बाजूनं, आईच्या आणि प्रणिताच्या पलीकडे, मागच्या भिंतीशी. परत आठ. परत माती. लाल. "अब ठीक है," ती म्हणाली. "फिट बसलं," नरहर म्हणाला. "आणि मी इथं थांबेन. म्हणेन, स्वतः चढवलेल्या मातीखाली हा माणूस झोपला होता."

ती दोघं पडद्याकडे बघत होती. मला त्या क्षणी दोघांचा इतका द्वेष वाटला, पोटच्या पोरीचासुद्धा, की जिभेवर शिव्या आल्या. आमच्या गावातल्या, लखनौत कधी न वापरलेल्या. आणि त्या द्वेषाच्या खाली दुसरंच काही. त्यांनी ठिपका बरोबर जागी नेऊन ठेवला होता. आबा तिथंच सापडले होते. गेली सगळी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, मामाला नाही, नरहरला पत्र्याच्या शेडमध्ये नाही, देवाला नाही. ती एवढी एकच गोष्ट माझ्याकडे माझी होती, बाकी सगळी तक्त्यात गेली होती. न बोलावं तर उद्या भरल्या सभागृहात आबा स्वतःच्या मातीखाली झोपणार, सगळ्यांदेखत. बोलावं तर ती गोष्टही टेबलावर यायची.

"आबा दाराशीच झोपले होते," मी म्हणाले.

"विनीता, मॉडेल सांगतंय..."

"मॉडेलला सांगायला काय जातंय! मी त्यांना ओलांडून बाहेर गेले. गणपती बुडवून आले होते, लेझीम खेळून दमले होते, मेल्यासारखे झोपले होते. मला पोटात कळ आली म्हणून उठले. आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही. त्यांच्या अंगावरून पाय टाकून गेले, त्यांना जाग आली नाही. मी कडब्याच्या गंजीमागं होते तेव्हा झालं." माझा आवाज चढला होता; खाली शिवांगीचा टीव्ही बंद झालेला मला ऐकू आला. "ते दाराशी होते. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर. ते आत गेले. आईला ओलांडून, प्रणिताला ओलांडून माझ्या अंथरुणापाशी गेले. काढलं तेव्हा माझी गोधडी दोन्ही हातांत धरलेली होती. चाचपडत होते. मी नव्हतेच त्यात. झोपलेला माणूस नव्हता तो. मला शोधत होते ते, ऐकलंत? मला. मी बाहेर होते आणि ते मला शोधत होते."

मुक्तानं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता, आणि मला वाटलं, झालं, आता ही रडणार, आपण दोघी रडू, आणि हा माणूस निदान आज खाली बसेल. नरहर खरंच खाली बसला. खुर्ची ओढून माझ्यासमोर, छावणीत बसला होता तसाच गुडघ्यांवर कोपरं टेकून. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण काहीतरी होतं, चेहरा उजळला होता.

"हे तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस?" तो हळूच म्हणाला. "विनीता, म्हणजे भिंत लगेच पडली नाही. जाग येऊन, उठून आतपर्यंत जायला त्यांना वेळ मिळाला. आम्ही सगळे धरून चाललोय की पहिल्या दोन-तीन सेकंदांत घरं बसली."

"पापा, ये तो टाइमिंग का एविडेंस है," मुक्ता म्हणाली. तिचा हात माझ्या मनगटावरून उठला होता. "मम्मा, निकाला किसने था? मतलब, गोधडी किसने देखी थी?"

"मी," मी म्हणाले. "मीच उकरत होते."

"फर्स्ट हैंड," ती बापाला म्हणाली.

उठून जायला हवं होतं. लॅपटॉप उचलून त्या टाइल्सवर आपटायला हवा होता, तेवढी ताकद होती माझ्यात. पण समोर तो वाकून बसला होता आणि विचारत होता, आणि काय झालं ते मला दुसऱ्या कुणी कधी विचारलंच नव्हतं. "दारापासून तुझ्या अंथरुणापर्यंत किती खण?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "मध्ये कणग्या, म्हणजे सरळ वाट नाही. दिवा होता?" विझला होता, मी सांगितलं. मुक्ता ठिपका परत दाराशी घेऊन गेली आणि तिथून आतपर्यंत एक बारीक रेघ ओढली, कणग्यांना वळसा घालून. मग थांबली आणि बापाकडे बघितलं.

"चालत गेले असतील की पळत?" नरहरनं विचारलं. "त्यानं फार फरक पडतो."

"पळत," मी म्हणाले. "आबा होते ते. पळतच गेले असणार."

मुक्तानं ते टाइप केलं.